कुरर पक्षी आणि माळ्यावरचं खोकं



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, नववा अध्याय, पहिले दोन श्लोक. एकनाथी भागवत वाचत असाल तर तिथेही नववाच अध्याय उघडा.

परवा पिंगळेची कथा संपली आणि काल इथे काहीच आलं नाही. काहींनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? तब्येत ठणठणीत आहे. मी या दोन श्लोकांवर अडकलो होतो, आणि अडकायचं कारण ग्रंथात नव्हतं, आमच्या माळ्यावर होतं.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय, आणि हा जुना संवाद श्रीकृष्ण उद्धवाला ऐकवतायत. आज अठरावा गुरू, कुरर. घारीसारखा, मांस खाणारा पक्षी. त्याच्याकडे मांसाचा तुकडा आहे. ज्यांच्याकडे मांस नाही असे त्याच्याहून बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तो तुकडा टाकून देतो आणि सुखी होतो. संपली गोष्ट. एका श्लोकात.

अजगर, समुद्र, पिंगळा यांच्यावर बोलायला भरपूर असतं, त्यामुळे हा कुरर मी दरवर्षी एका मिनिटात उरकायचो. 'सोडा म्हणजे सुखी व्हाल', झालं, पुढे. पण त्याच्या आधीचा श्लोक नीट वाचला की घाई करता येत नाही. तिथे शब्द आहे परिग्रह. परि म्हणजे सगळ्या बाजूंनी, ग्रह म्हणजे धरणं. चहूबाजूंनी मिठी मारून धरणं. आणि अवधूत म्हणतो की माणसाला जे जे अत्यंत प्रिय असतं, त्याचा असा परिग्रह दुःखाला कारण होतो. इथे 'अत्यंत प्रिय' हे महत्त्वाचं आहे. निरुपयोगी वस्तूंबद्दल तो काहीच बोलत नाहीये. तुटलेल्या बादलीचा परिग्रह कोण करतं?

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. मला ती सांगायला आवडत नाही, पण त्याशिवाय आजचं चिंतन पुढे जाणार नाही.

बाबा गेल्यावर आई काही वर्षं मिरजेच्या घरी एकटीच राहिली. गेल्या वर्षी ते घर सोडलं आणि ती पुण्याला आमच्याकडे आली. तिच्याबरोबर एक टेम्पो सामान आलं. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. ट्रंका, पितळी भांडी, गाद्या, गाठोडी, सगळं माळ्यांवर आणि आईच्या खोलीत कोंबलं. त्यात दिवाळी महिन्यावर आलेली. दिवाळीच्या आधी घर आवरायचं हे आपल्याकडे रक्तातच आहे. लक्ष्मीपूजनाला आपण नवीन केरसुणी आणून तिचीही पूजा करतो. माझ्याही अंगात ती केरसुणी संचारली.

मी इंजिनिअर, म्हणजे एक्सेल शीट आलीच. तीन रकाने: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. नियम एकच, ज्याला वर्षभर हात लागलेला नाही ते बाहेर. आई चार दिवस मावशीकडे कोल्हापूरला गेली होती. म्हटलं, ती यायच्या आत तिची खोली लख्ख करून तिला सरप्राइज द्यावं. (मनात दुसरंही होतं. ती असली की एकेका वस्तूवर चर्चा होईल आणि काम पुढे सरकणार नाही. हे तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.)

काय काय निघालं विचारू नका. धुऊन वाळवून घडी घातलेल्या दुधाच्या पिशव्या. आइसक्रीमचे रिकामे डबे, त्यात दुसरे डबे. साड्यांची खोकी, साड्यांशिवाय. बंद पडलेले तीन गॅस लायटर. आणि सुतळीने बांधलेला जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा. १९९४ पासूनची सगळी. जुनी कॅलेंडरं कोण ठेवतं? मी हसत हसत बायकोला दाखवली. ती म्हणाली, "आईंना विचारून घे." मी म्हटलं, "कॅलेंडर आहे, त्यात काय विचारायचं? ते वर्ष गेलं." रद्दीवाला आला, वजन झालं, वर्तमानपत्रं आणि ती कॅलेंडरं मिळून दोनशे चाळीस रुपये आले.

आई आली. खोली बघून खरंच खूश झाली. "मोकळं मोकळं झालं," म्हणाली. दोन दिवसांनी स्टुलावर चढून माळ्यात बघताना तिने विचारलं, "अरे, ती कालनिर्णयं कुठे सरकवलीस?"

ज्यांच्या घरी कालनिर्णय भिंतीवर असतं त्यांना सांगायला नको की त्यावर तारखा फक्त छापलेल्या नसतात. त्या चौकोनांत संसार लिहिलेला असतो. दूध दीड लिटर. बाई आली नाही. गॅस लावला. इस्त्रीचे कपडे अकरा. माझं दहावीचं वेळापत्रक. लाइट बिल भरलं. आईने पंचवीस-तीस वर्षं रोज बॉलपेनने हे चौकोन भरले होते.

मी सांगितलं, रद्दीत दिली.

ती स्टुलावरून उतरली. आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "सगळी नको होती रे. एकोणीसचं तेवढं हवं होतं."

२०१९ हे बाबांचं शेवटचं पूर्ण वर्ष. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी पुण्यात, नोकरीत गळ्यापर्यंत बुडालेला, फोनवर "कसे आहेत?" विचारणारा. आईने त्या वर्षीच्या चौकोनांत दुधाच्या हिशेबाशेजारी बाबांचं लिहून ठेवलं होतं. आज दोन पोळ्या खाल्ल्या. गॅलरीपर्यंत चालले. रात्री झोप नाही. नाटकातली पदं म्हटली. हे मला कसं कळलं? तिने त्या संध्याकाळी सांगितलं तेव्हा. ते कॅलेंडर मी हातात धरलं होतं, वजन करायला दिलं होतं, आणि एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

मी तसाच रद्दीच्या दुकानात धावलो. माल आदल्या दिवशीच गोदामात गेला होता. गोदामात गेलो तर तिथे कागदाच्या गासड्या बांधून झाल्या होत्या. रिकाम्या हाताने परत आलो.

आता कुरराकडे येतो. खोली आवरताना मी स्वतःला काय समजत होतो? मी त्याग करतोय. आमच्या घराला चिकटलेला मांसाचा तुकडा मी टाकतोय, आता सगळे सुखी होणार. पण श्लोक पुन्हा वाचा. त्या गोष्टीत दोन प्रकारचे पक्षी आहेत. एकाकडे मांस आहे आणि तो ते स्वतः सोडतो. दुसरे बलवान आहेत, त्यांच्याकडे मांस नाही, आणि ते हिसकावून घ्यायला आलेत. आईच्या खोलीत मी पहिला पक्षी नव्हतो. घर माझ्या नावावर, ताकद माझ्याकडे, आणि त्या कॅलेंडरांत माझं प्रिय असं काहीच नव्हतं. मी दुसऱ्या थव्यातला होतो.

ऑफिसात आम्ही एखादा जुना कोड काढायच्या आधी तो अजून कोण वापरतंय हे शोधतो. ज्याने लिहिला त्याला विचारतो. त्याला कंटाळा आला तरी विचारतो. घरात मी बॅकअप नसताना थेट डिलीट मारलं, आणि वर त्याला अपरिग्रह म्हटलं.

पतंजलींनी पाच यम सांगितले आहेत: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. या क्रमाकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. अपरिग्रह शेवटी आहे. त्याच्या आधी अस्तेय, म्हणजे दुसऱ्याचं न घेणं. आणि सगळ्यांच्या आधी अहिंसा. शेवटच्या पायरीवर उडी मारताना मी पहिली आणि तिसरी तुडवली होती. क्रमाचा हा अर्थ माझा, भाष्यकारांच्या गळ्यात मी तो मारत नाही. पण मला तो लागू पडला.

आणि तुकोबांची गोष्ट आठवा. दुष्काळानंतर, वैराग्य आल्यावर, तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. कर्जाचे कागद होते ते, लोकांच्या गळ्यातले फास. पण त्या कथेचा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. खतं वडिलोपार्जित होती, धाकट्या कान्होबाचाही त्यांत वाटा होता, आणि कान्होबा तयार नव्हता. तेव्हा कागदांचे दोन वाटे झाले. भावाचा वाटा भावाला मिळाला. तुकोबांनी पाण्यात सोडला तो फक्त आपला वाटा.

हे वाचून मी खूप वेळ गप्प बसलो होतो. ज्या माणसाला लोकांची कर्जं माफ करायची आहेत, ज्याची वृत्ती इतकी उंच गेली आहे, त्यालाही भावाचा अर्धा गठ्ठा बुडवायचा अधिकार वाटला नाही. 'तुझ्या भल्यासाठीच करतोय' असं तो म्हणू शकला असता. मी म्हणालोच होतो.

तुमच्यापैकी अनेक जण मेसेजमध्ये लिहितात की आईबाबा काही टाकूच देत नाहीत, घराचं गोदाम झालंय, काय करू? तक्रार खोटी नाही. दोन खोल्यांत चार माणसं आणि चाळीस डबे, त्रास होतोच. मुदत संपलेली औषधं, बुरशी लागलेल्या गाद्या, यांवर चिंतन करत बसू नका, सांगा आणि काढा. बाकीच्यासाठी मला एकच गोष्ट उपयोगी पडली, आणि ती कॅलेंडरं गमावल्यावर सुचली. शेजारी बसायचं. रविवारी अर्धा तास, एक ट्रंक, आई आणि मी. ती वस्तू हातात घेते, कुठून आली ते सांगते, कधीकधी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगते. आणि सांगून झालं की बहुतेक वेळा तीच म्हणते, "देऊन टाक, काय करायचंय आता." मोठं पितळी पातेलं मिरजेच्या देवळात भंडाऱ्याला गेलं. जुने कपडे तिने स्वतः बोहारणीशी घासाघीस करून दिले आणि एक स्टीलचा डबा घेतला. डबा आला म्हणून मी चिडलो नाही, एवढी प्रगती आहे. सहा-सात महिन्यांत तिचं सामान निम्म्यावर आलं. माझी एक्सेल शीट काढून टाकणार होती त्याहून जास्तच गेलं असेल.

मग साधा हिशेब लक्षात आला. त्या दिवशी तिला विचारलं असतं तर पंचवीस कॅलेंडरं तिनेच रद्दीत घातली असती. प्रश्न एका कॅलेंडरचा होता.

इथपर्यंत चिंतन बरं चाललं होतं. परवा इथेच संपवणार होतो, 'दुसऱ्याच्या वस्तूंचा त्याग करू नका' वगैरे लिहून. पण बायको चहा घेऊन आली, स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाली, "आणि तुझं खोकं?"

म्हणून काल काही लिहून झालं नाही.

खोक्याबद्दल सांगतो. २०१७ मध्ये मी आणि माझ्या एका मित्राने नोकऱ्या सोडून ऑफिसात घरगुती डबे पोचवणारं एक ॲप काढलं होतं. चौदा महिने चाललं. पैसे संपले, मग संयम संपला, मग मैत्री. कोणाचं चुकलं हे मी इतकी वर्षं मनात ज्या पद्धतीने मांडत आलोय त्यात बहुतेक त्याचंच चुकतं. कंपनी बंद झाली तेव्हा माझ्या वाट्याला एक खोकं आलं. गडद निळे टीशर्ट, छातीवर आमचं नाव, अजून प्लास्टिकमध्ये. सेहेचाळीस नग. पुढच्या सगळ्या वर्षांत ते खोकं माझ्याबरोबर तीन घरं फिरलं. एकदा सामान हलवणाऱ्यांनी त्यावर लाल स्टिकर लावला: 'नाजूक, जपून हाताळा'. टीशर्ट होते आत. पण स्टिकर बरोबर होता.

गेल्या दिवाळीत एक्सेल शीट करताना ते खोकं मला दिसलं नव्हतं असं नाही. आईच्या कॅलेंडरांच्या शेजारीच होतं. वर्षभर हात लागला नसेल तर बाहेर, हा नियम त्याला सात वेळा लागू झाला असता. मी ते थोडं आत सरकवलं आणि पुढे गेलो.

जपानच्या मारी कोंडो यांची पद्धत तुम्हाला माहीत असेल. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली तेव्हा आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांनी टीशर्ट उभ्या घडीने लावायला सुरुवात केली होती. त्यांचं म्हणणं असं की वस्तू हातात घ्या, तिच्यामुळे मनात आनंद उमटतो का बघा, उमटला तर ठेवा. घर आवरायला ही पद्धत चांगलीच आहे, मी टिंगल करत नाही. पण भागवत नेमकं तिथून उलट दिशेला निघतं. ज्याने काहीच वाटत नाही ते टाकणं ही सफाई आहे, त्याला केरसुणी पुरते. तुला जे सगळ्यात प्रिय आहे ते दाखव, असं अवधूत म्हणतो. तिथेच पक्षी टोचे मारतायत.

कठोपनिषदाची सुरुवात याच जागेवर होते. नचिकेताचे वडील यज्ञात सर्वस्वाचं दान करतायत, म्हणजे तसं म्हणतायत. प्रत्यक्षात ज्या गाई देतायत त्यांचं शेवटचं पाणी पिऊन झालंय, गवत खाऊन झालंय, दूध देऊन झालंय. भाकड गाई. आजच्या भाषेत, चेन तुटलेल्या बॅगा आणि काखेत फाटलेले कुर्ते 'डोनेट' करणं. लहान पोराला हे बघवत नाही. तो वडिलांना विचारतो, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. हा प्रश्न आपण धीट मुलाचा प्रश्न म्हणून वाचतो. मला काल वाटलं, तो पोरगा वडिलांच्या यादीतली चूक दाखवतोय. सगळं दिलं म्हणता, मग जे सर्वांत प्रिय आहे ते यादीत कुठंय?

माझ्या यादीत खोकं नव्हतं.

काल दुपारी ते खाली काढलं. आईपण येऊन बसली, आता ते रविवारचं वळणच पडलंय. यावेळी वस्तू माझी होती, त्यामुळे गोष्ट मला सांगावी लागली. मी सांगत गेलो. पहिली ऑर्डर आली तेव्हा आम्ही दोघं स्कूटरवरून स्वतः डबा द्यायला गेलो होतो. पावसात आमटी सांडली. गिऱ्हाईकाने हसून पैसे दिले. सांगता सांगता लक्षात आलं की ह्या गोष्टीत मित्र चांगला आहे. सात वर्षं मी जी गोष्ट धरून ठेवली होती त्यात तो असा नव्हता. पतंजली म्हणतात की अपरिग्रह स्थिर झाला की आपल्या जन्मांचं कसं आणि काय ते कळतं. मागच्या जन्मांचं मला काही कळलेलं नाही. मागच्या नोकरीच्या आधीचं थोडं कळलं.

आईने एक टीशर्ट प्लास्टिकमधून काढला, उलटसुलट केला, बोटांत चोळून बघितला. "सुती आहे. फरशी पुसायला फडकी चांगली होतील."

खरं सांगतो, राग आला. डोक्यात सणकन गेलं. माझी चौदा महिन्यांची झोप, माझी बचत, आणि फरशी? तोंडातून काही निघालं नाही, पण आईने बघितलं असावं. तिने कात्री मागितली नाही. टीशर्ट घडी करून परत ठेवला आणि म्हणाली, "तुझं आहे, तू ठरव."

कॅलेंडरांच्या वेळी हे चार शब्द मला म्हणता आले नव्हते.

मग ठरवलं. टीशर्ट कोरे होते, भाकड गाई नव्हत्या. आमच्या सोसायटीत वॉचमन, हाउसकीपिंगचे लोक, माळी मिळून बरीच मंडळी आहेत. सुपरवायझरना विचारलं, लागतील का, साइज सांगा. संध्याकाळी खोकं रिकामं झालं. आज सकाळी ऑफिसला निघालो तर गेटवर दोघांच्या छातीवर आमच्या बंद पडलेल्या कंपनीचं नाव. त्यातल्या एकाने हात वर करून विचारलं, "साहेब, ही कुठली कंपनी?" मी म्हटलं, "होती एक." आणि उद्यापासून मागच्या गेटने गाडी काढावी असं मनात येऊन गेलं. मांस टाकल्यावर कुरर लगेच सुखी झाला असं श्लोक म्हणतो. मला जरा वेळ लागतोय.

एक विचारणारच तुम्ही, म्हणून आधीच सांगतो. घर रिकामं करा, आवडीचं सगळं वाटून टाका, असं मी म्हणत नाहीये, आणि अवधूतही यदूला राज्य टाक म्हणत नाही. अध्यायाच्या शेवटी यदूबद्दल इतकंच येतं की तो ऐकून संगातून मोकळा झाला आणि त्याचं चित्त सम झालं. राजवाड्याचं काय झालं याचा तिथे उल्लेखही नाही. पण ज्या वस्तूला हात लावताच 'ही नको, दुसरं काहीही विचार' असं आतून येतं, ती तुमच्या घरात कुठे आहे हे तरी माहीत असू द्या. दुसऱ्यांची खोली आवरायला घेण्याआधी एकदा तिच्यासमोर बसा. 'आवर' हा शब्द आपण घराला लावतो आणि स्वतःलाही लावतो, मराठीने हे काम सोपं करून ठेवलंय.

आणि ज्यांच्या घरात कोणी रोज काहीतरी लिहून ठेवत असेल, वहीत, कॅलेंडरवर, दुधाच्या कार्डावर, त्यांनी एवढं करा. जाऊन बघा काय लिहिलंय. ती व्यक्ती असतानाच बघा. आईने यंदाचं कालनिर्णय स्वयंपाकघरात लावलंय. मी आता रोज रात्री पाणी प्यायला जातो तेव्हा त्या दिवसाचा चौकोन वाचतो. कालच्या चौकोनात होतं: दूध एक, गॅस लावला, खोकं काढलं.

सेहेचाळीसमधला एक टीशर्ट मी ठेवलाय. मीडियम साइज. मला आता होतही नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो कपाटात आहे. दुसरा एक मित्राला कुरिअर करावा असं मनात आहे, पत्ता जुना आहे, आधी फोन करावा लागेल. फोन अजून केलेला नाही.

उद्या त्याच अध्यायातले तिसरा आणि चौथा श्लोक, एकोणिसावा गुरू, बालक. वाचून या.

राम कृष्ण हरी.